अण्णाचा नायलॉनचा बुश

दाजी शाळेत आला तेव्हा मी नववीच्या वर्गात फळ्यावर बीजगणिताचं उदाहरण सोडवत होते. दाजी म्हणजे आमच्या कसालचा ट्रकवाला. मालवणहून बर्फात घातलेली मासळी घाटावर नेणारा. त्याचा आवाज एवढा की तो कधी मी नोकरीला आहे त्या जामसंड्याला आला तर माझ्या आधी शेजाऱ्यांना कळायचं. त्या दिवशी मात्र तो व्हरांड्याच्या खांबाला धरून गप्प उभा होता. मी खडू ठेवला आणि बाहेर आले. "बाय, अण्णा गेलो," तो म्हणाला. एवढंच. माझा थोरला भाऊ सकाळी लेथवर उभा होता, पाणी मागितलं, शेजारचा हॉटेलवाला पाणी घेऊन येईपर्यंत स्टुलावर बसला आणि... संपलं. पन्नाशी नुकतीच उलटली होती.

दाजीच्याच ट्रकमधून मी कसालला गेले. केबिनमध्ये मासळीचा वास, मागे रिकाम्या खोक्यांचा खडखडाट. नांदगावचा फाटा मागे पडला. मग दाजी रस्त्यावरची नजर न काढता म्हणाला, "ही गाडी अजून अण्णान कातलेल्या बुशांवर चलता." तोवर मी मास्तरणीपणाने डोळे कोरडे ठेवले होते. त्या एका वाक्याने माझा बांध फुटला तो कणकवलीपर्यंत.

घरी माणसं जमली होती. लांबच्या नात्यातले एक गृहस्थ, नाव घेत नाही, ओट्यावर बसून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "केवढी अक्कल होती, पण काय उपयोग? कसालात पत्र्याच्या शेडमध्ये प्लास्टिकच्या नळ्या कातत बसला." घरात सुतक होतं, समोर भाऊ निजवलेला होता, म्हणून मी जीभ चावली. आता सुतक फिटलं आहे. आता बोलते.

अण्णा मॅट्रिक होऊन कोल्हापूरला गेला, तिथल्या कारखान्यांत सात-आठ वर्षं राबला आणि एक जुना लेथ, म्हणजे धातू कातायचं यंत्र, ट्रकवर चढवून परत आला. हायवेच्या कडेला, कसालच्या बाजारापासून चार पावलांवर त्याने शेड घातली. लग्न केलं नाही. विचारलं की म्हणायचा, आधी लेथचं कर्ज फिटू दे. कर्ज फिटलं तेव्हा म्हणायचा, आता सवय मोडली. घरात तो आणि आमची आये. त्याचं मुख्य काम बुश कातायचं. ट्रकच्या चाकांवर जे पाटे असतात ना, एकावर एक रचलेले, त्या पाट्यांच्या टोकाला डोळा असतो. त्या डोळ्यात पिन बसते आणि पिन आणि डोळा एकमेकांना खाऊ नयेत म्हणून मध्ये एक जाड नळी घालतात. ती नळी म्हणजे बुश. अंगठ्यापेक्षा थोडी मोठी, पण सगळ्या ट्रकचं ओझं तिच्यावर झुलतं. अण्णा ती गनमेटल नावाच्या मिश्रधातूची करायचा. सोन्यासारखी पिवळी, गुळगुळीत. तिचा कीस त्याच्या केसांत, खिशात, चपलेत असायचा आणि एकदा तर आमटीत निघाला. आयेने तो चमचाभर कीस त्याच्या ताटाच्या कडेला काढून ठेवला आणि वाढत राहिली.

दाजीच्या गाडीवर मात्र अण्णाची विद्या चालत नव्हती. मासळीचा बर्फ वितळतो, ते खारं पाणी फळ्यांतून थेट मागच्या पाट्यांवर गळतं. ग्रीस धुऊन जातं, पिन गंजते, गंजलेली पिन कानशीसारखी बुश खाते. इतरांची गाडी वर्ष वर्ष ओढायची, दाजी दोन-अडीच महिन्यांनी दारात हजर. तो हसून म्हणायचा की अण्णा, तुझं बरं आहे, माझ्या मासळीवर तुझी चूल पेटते. अण्णाला ते हसणं लागायचं. आपण केलेली वस्तू टिकत नाही, हे त्याला शिवी दिल्यासारखं वाटायचं. मी त्याला म्हटलंसुद्धा, अरे, समुद्राशी काय भांडतोस? तर म्हणाला की समुद्राशी नाही, मी माझ्या बुशाशी भांडतोय.

आणि त्याच सुमारास हायवेवर ती नवीन छोटी ट्रकं दिसू लागली. जपानी धाटणीची, हलकी, तोंडावर प्लास्टिकची जाळी, आत प्लास्टिकचा डॅशबोर्ड, कुणाच्या रेडिएटरमागे पंखासुद्धा प्लास्टिकचा. आपले जुने ड्रायव्हर चहाच्या टपरीवर बसून त्यांची टिंगल करायचे. जाळीवर बोटाने टिचकी मारायची आणि म्हणायचं, जत्रेत मिळते तसली गाडी आहे. अण्णा मात्र चहाचा कप खाली ठेवून त्या गाड्यांच्या खाली शिरायचा. ड्रायव्हर जेवून येईपर्यंत हा खाली उताणा. कधी काही तुटलेलं प्लास्टिक मागून आणायचा. मी सुट्टीत घरी गेले की खिडकीत, कौलांवर, विहिरीच्या काठावर, मिठाच्या बरणीत, सगळीकडे प्लास्टिकचे तुकडे. एक उन्हात ठेवलेला, एक पाण्यात टांगलेला, एक चुलीच्या कडेला. आये वैतागून मला सांगायची की तुझ्या भावाने आता प्लास्टिकचं लोणचं घातलंय. मीही खूप हसले त्याला. विज्ञानाचं पुस्तक शिकवणारी मी, आणि हसले... त्याची लाज मला आज वाटते.

तो हसण्यावर कधी रागवायचा नाही. एकदा त्याने मला कौलावरचा तुकडा दिला, तो चिमटीत मोडला. विहिरीतला दिला, तो वाकला पण मोडेना. मग त्याने जे सांगितलं ते माझ्या शाळेत कुणी शिकवलं नव्हतं. "लोखंडाक पाणी खाता. प्लास्टिकाक ऊन खाता, नायतर आग खाता. ज्येका जा खाता, त्येच्यापासून त्येका लांब ठेवलास की ता टिकता." पाट्याच्या डोळ्यात ऊन पोचत नाही आणि आग नाही. तिथे आहे ते फक्त पाणी, आणि तेही खारं. तेव्हा तिथे प्लास्टिक हवं. कोल्हापूरहून त्याने नायलॉनचा जाड पांढरा दांडा आणला आणि वैशाखात दाजीच्या गाडीला नायलॉनचे बुश घातले. बाजारात सगळ्यांदेखत सांगितलं की हे एक अख्खा पावसाळा ग्रीसशिवाय चालतील, नाही चालले तर मी लेथला हात लावणार नाही. तोंडातून शब्द जाऊन बसला. कसालात असा शब्द कुणी विसरत नाही, तुम्ही स्वतः विसरलात तरी.

नारळी पौर्णिमा झाली, होड्या पुन्हा पाण्यात गेल्या, दाजीच्या खेपा सुरू झाल्या. भाद्रपदात फोंडा घाटात, भर पावसात, त्याच्या गाडीचा मागचा पाटा मोडला. बुशाने पिन अशी घट्ट आवळून धरली होती की पाटा हलूच शकेना, आणि जो पाटा हलत नाही तो मोडतो. गाडी वळणावर आडवी उभी राहिली. दोन्ही बाजूंना गाड्यांची रांग, आणि मागे सुरमई-बांगड्याची खोकी. पाटा बसेपर्यंत मासळी गेली. दाजीने ती घाटातच पुरली. दुसऱ्या दिवशी कसालच्या बाजारात अण्णा भाजी घ्यायला गेला तर कुणीतरी मागून विचारलं, "रे, बाळाचो खुळखुळो लावलंस काय गाडयेक?" सगळा बाजार हसला. अण्णा भाजी न घेता घरी आला आणि लेथवर गोणपाट टाकलं.

तो पुरता खचला असता तर मला समजलं असतं. पण त्याने काय केलं, तर चालत दाजीच्या घरी गेला. दाजी तेव्हा त्याच्याशी बोलत नव्हता. दाजीची बायको सांगते, अण्णा अंगणातच उभा राहिला, वर ये म्हटलं तरी आला नाही. "बुश फुटूक नाय, झिजूक नाय," तो म्हणाला. "चूक माझी आसा. खंय ती माका अजून कळाक नाय. कळली की सांगतंय." आणि परत निघाला. माफी मागितली नाही असं नाही, पण त्याच्या माफीत कामाचा निरोप होता. असा माणूस तुम्ही पाहिलाय? मी दुसरा नाही पाहिला.

गोणपाट न काढता तो शोधत बसला. त्याच दिवशी, त्याच दांड्यातून कातलेला एक जादा बुश खणात पडून होता. तो पिनवर सहज फिरत होता. घाटातून काढलेला फिरत नव्हता. दोन्ही कातताना माप एकच. मग खणातला बुश त्याने दोरीला बांधून विहिरीत सोडला आणि रोज बाहेर काढून मोजायला लागला. आठवड्याने तोही पिनवर अडकू लागला. नायलॉन पाणी पितं आणि फुगतं. केसभरच, पण पिनेला केसभर पुरे होतं. कारण सापडलं, उपाय सापडेना. सैल कातला तर कोरड्यात खडखडतो, घट्ट कातला तर पावसात आवळतो. मी दिवाळीच्या सुट्टीत घरी गेले तेव्हा अण्णा याच फेऱ्यात होता. दाढी वाढलेली, जेवणात लक्ष नाही.

दिवाळीचे दिवस म्हणजे नवीन भात, सालीसकटचं, घरात आलेलं. अंगणात तीन चिऱ्यांची चूल मांडून आये पहाटेच भाणात, म्हणजे मोठ्या हंड्यात, भात उकडत होती, उकड्या तांदळासाठी. मी चुलीत झावळ्या सारत होते. अण्णा पायरीवर बसला होता. आम्ही जन्मापासून उकड्या तांदळाची पेज पितो, पण त्या दिवशी अण्णाने आयेला लहान पोरासारखं विचारलं की भात आधी का उकडायचं, सुकं भात गिरणीत नेलं तर काय होतं. आये म्हणाली की चेष्टा करतोस का. तो म्हणाला नाही गो, सांग. तेव्हा ती कालथ्याने भात ढवळत म्हणाली, "सुक्या दाण्याची कणी होता. दाण्यान आधीच पाणी पिवन घेतल्यान की मगे तो मोडणा नाय."

अण्णा उठला. मला वाटलं पाणी प्यायला गेला. तो शेडवर गेला होता. नायलॉनचा दांडा खांद्यावर टाकून आला आणि म्हणाला, "आये, ह्यो दांडो तुझ्या भाणात उकडूक देशीत?" त्याचं म्हणणं सरळ होतं. नायलॉनला जेवढं फुगायचं आहे तेवढं आधीच फुगू दे, मग काता. पोट भरलेला पुन्हा काय पिणार? दांड्याचे तुकडे केले, सकाळपासून दिवेलागणीपर्यंत उकळले, त्याच पाण्यात गार होऊ दिले आणि दुसऱ्या दिवशी गोणपाट निघालं. तो बुश त्याने पंधरा दिवस विहिरीत ठेवला. पिन सुळकन आत गेली. पुढे मी कुठेतरी वाचलं की मोठ्या कारखान्यांत नायलॉनला असंच पाणी पाजतात. पण ते कारखाने कसालच्या अंगणात नव्हते आणि अण्णाने ते वाचलं नव्हतं. शिवाय आपल्याकडची हवा अशी की एकदा प्यालेलं नायलॉन सुकायचं नाव घेत नाही. ज्या दमट हवेला आपण जन्मभर नावं ठेवली, ती त्याने कामाला लावली.

आता खरी अडचण होती दाजीची. एकदा घाटात मासळी पुरलेला माणूस पुन्हा तोच पांढरा बुश घालून घेईल कसा? आणि दाजीने घातला नाही तर अण्णाचा शब्द बाजारात मोडलेला तो मोडलेलाच राहणार होता. अण्णा पुन्हा त्याच अंगणात जाऊन उभा राहिला. सगळं सांगितलं, आयेच्या भातासकट. दाजीने विडी पेटवली आणि म्हणाला, "लावतंय. पण पावसात तू माझ्या वांगडा गाडयेत बसाक होयो." अण्णा सोबत यायला हो म्हणाला. आणि बसला. पुढच्या पावसाळ्यात नारळी पौर्णिमेपासून नवरात्रापर्यंत, कोकणातला हा एकमेव टर्नर असेल जो आठवड्यातून तीनदा मासळीच्या ट्रकमधून फोंडा घाट चढला. घाटाच्या प्रत्येक वळणावर खाली उतरायचा, भर पावसात गाडीखाली वाकून पाट्याला हात लावायचा, वर चढायचा. घरी आला की आये त्याला मागच्या दारीच आंघोळ करायला लावायची, एवढा वास. दसऱ्याला बाजारात, ज्या जागेवर तो शब्द दिला होता त्याच जागेवर, दाजीने गाडी उभी केली आणि पिना काढल्या. बुश जसे घातले तसे होते. पिनेवर गंजाचा ठिपका नाही. खुळखुळा म्हणणारा माणूस गर्दीत होता. अण्णाने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. पिना पुसून, पुन्हा बसवून, हात धुऊन घरी आला आणि आयेला म्हणाला की पेज वाढ.

त्यानंतर गाड्यांची रांग लागली, हे मी सांगायला नको. मालवणची, देवगडची, वेंगुर्ल्याची मासळीची ट्रकं, चिऱ्यांची ट्रकं. पण मला अधिक अभिमान वाटतो तो त्याने जे केलं नाही त्याचा. नवीन जिल्हा झाला, ओरोसला कचेऱ्या उभ्या राहत होत्या, तिथे चिरे वाहणारा एक कंत्राटदार आला. त्याला ब्रेकच्या जोडणीतला एक भाग नायलॉनचा करून हवा होता, गंजाचा कायमचा कंटाळा. अण्णा म्हणाला, "ब्रेकाक नाय." कंत्राटदाराने समजावलं, मोठ्या कामांचं आमिष दाखवलं, शेवटी आवाज चढवला. अण्णाने लेथ चालू केला, म्हणजे पुढचं बोलणं ऐकू येऊ नये. ब्रेक तापतो, आणि तापतं तिथे प्लास्टिक नाही. एवढं साधं. कंत्राटदार सगळी कामं घेऊन दुसरीकडे गेला. प्लास्टिकवेडा म्हणून लोक ज्याला हसले, त्याला प्लास्टिक कुठे घालायचं नाही हे हसणाऱ्यांपेक्षा जास्त कळत होतं.

आये दोन वर्षांपूर्वी गेली. आता अण्णाही. शेडला कुलूप आहे, लेथचं काय करायचं ते अजून ठरवलेलं नाही. त्या ओट्यावरच्या गृहस्थांचं वाक्य मात्र महिनाभर माझ्या डोक्यात गरगरत होतं. रात्र नाही, दिवस नाही. खरंच, काय राहिलं त्याचं? ना कुठे नाव, ना पाटी. शेडवर पाटीसुद्धा त्याने कधी लावली नव्हती.

गेल्या आठवड्यात शाळेच्या कामासाठी ओरोसला गेले होते. काम आटोपून एसटीची वाट बघत हायवेवर उभी होते, तर पलीकडे एक नवी शेड दिसली. पंचविशीतला एक तरुण लेथवर, आणि दाराशी चुलीवर पत्र्याचा डबा उकळतोय. मी रस्ता ओलांडून गेले. डब्यात नायलॉनचे पांढरे दांडे. आणि त्यांच्याभोवती, पाण्यावर तरंगणारं, मूठभर भात.

मी तिथेच थांबले. त्याला विचारलं, किती वेळ उकळतोस? सकाळपासून दिवेलागणीपर्यंत, म्हणाला, आणि गार पण ह्याच पाण्यात करायचं. बरोबर होतं. मग मी विचारलं, "ह्या भात कित्याक घातलंस?" त्याला प्रश्नच विचित्र वाटला. "घालूक लागता, काकी. भात नाय घातला तर बुश टिकणा नाय." कुणी सांगितलं? "कोण सांगतला? सगळे असाच करतत."

भाताचा आणि बुशाचा काहीही संबंध नाही. त्या दिवाळीत भात उकडून झाल्यावर अण्णाने भाणात नवीन पाणी ओतलं आणि दांडे सोडायला गेला, तेव्हा आयेने त्याचा हात धरला होता. चुलीवर नुसतं पाणी उकळायचं नाही, म्हणाली, नुसतं पाणी मेलेल्या माणसासाठी तापवतात. आणि कणगीतलं मूठभर भात तिने त्या पाण्यात टाकलं. अण्णा हसला होता. पण त्यानंतर प्रत्येक वेळी, आये गेल्यावरही, दांडे उकळताना मूठभर भात टाकायचा. शेडवर येणाऱ्या-जाणाऱ्यांनी ते बघितलं असणार, आणि कामाचाच भाग समजून उचललं असणार. कुडाळात करत असतील, कणकवलीत करत असतील. अण्णाचं नाव त्यांतल्या एकालाही माहीत नसेल. त्याचा हात मात्र सगळ्यांनी घेतला होता, आयेच्या मुठीसकट.

सांगावं असं तोंडाशी आलं. अरे, तो माझा भाऊ, ती माझी आई... पण तो तरुण कामात होता. त्याने विचारलं, काकी, तुमका काय होया?

"काय नको," मी म्हटलं. "भात कमी पडलाहा. आणखी एक मूठ घाल."

त्याने भिंतीला टेकवलेल्या पिशवीत हात घातला आणि काही न विचारता आणखी एक मूठ भात पाण्यात टाकलं.